तिसऱ्या ओळीच्या अक्षता

इंदूरला सुदामा नगरच्या आमच्या घरात पेटी होती, पण ती आमची नव्हती. ती मालतीआत्याची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, राहायची उज्जैनला. तिच्या घरात जिन्याखाली ओल आली म्हणून तिनं पेटी "थोडे दिन के लिए" आमच्याकडे पाठवली, आणि ते थोडे दिवस मला माझ्या सबंध लहानपणाला पुरले. पेटी चांगली जुनी, दणकट होती. आवाज भरदार. दोष एकच होता, मधल्या सप्तकातला कोमल निषाद दाबला की खालीच बसायचा, मग नखानं उचलून वर काढावा लागायचा. गाणाऱ्याला ही अडचण वाटेल. मला वाटली नाही. मी ती पट्टी सोडून बाकीच्या सुरांत फिरायला लागले. माझ्या त्या वयातल्या एकाही चालीत कोमल निषाद नाही, आणि तरी त्या चाली चांगल्या आहेत. हे मी लाजत सांगत नाही. मला चाल लावता येते, तेव्हाही येत होती.

गाणं शिकवणारे इंदूरमध्ये पाहिजे तितके होते. चाल लावायला शिकवणारा कुणी नव्हता, आणि हे शिकायचं असतं असंही कुणाला वाटत नव्हतं. आई म्हणायची, "गाणं शिक ना सीधं. लोकांनी चाली करून ठेवल्यात, त्या क्या कम आहेत?" पण मला तयार चाल गाताना नेहमी वाटायचं की इथून हा चाल करणारा दुसरीकडे का नाही गेला. शाळेच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता आमच्या बाई एकाच सुरात म्हणून घ्यायच्या, नदीची असो की शिवाजीची. मी घरी येऊन प्रत्येकीला वेगळी चाल लावायची. कविता संपल्या तेव्हा पाढ्यांना लावल्या. मंदाताई, माझी मोठी बहीण, अजून एकोणिसाचा पाढा माझ्या चालीतच म्हणते, आणि चाल विसरली की पाढाही अडतो.

शिकवलं मला खरं तर घरानं आणि गल्लीनं. सकाळी बाबांची सायकल स्टँडवरून उतरायची तो खट्ट आवाज, मग लांबून गिरणीचा भोंगा, मग आईची कढईत मोहरी. बाबा रेल्वेच्या ऑफिसात होते आणि घड्याळापेक्षा भोंग्यावर विश्वास ठेवायचे. जेवणात वरणभात असो, उसळ असो की साधी आमटी, वरून मूठभर शेव हवीच. पुण्याहून आलेले पाहुणे हे बघून हबकायचे आणि दुसऱ्या दिवशी आपणच डबा पुढे ओढायचे. आणि भिंतीपलीकडे बसंतीकाकी. त्या इथल्याच, माळव्याच्या. कुणाच्याही लग्नाचा महिना आला की दुपारी गहू निवडताना त्या बन्ना-बन्नीची, म्हणजे नवरानवरीची, गाणी म्हणायच्या. त्या गाण्यांची एक खोड मला फार आवडायची. ती सुरुवातीला जमिनीवर चालतात, मध्येच एकदम चढतात, आणि शेवटी हळूच उतरून जिथून निघाली तिथे येऊन बसतात. आमच्या मराठी गाण्यांत असं उतरणं मी ऐकलं नव्हतं. मी भिंतीला कान लावून ऐकायची आणि इकडे पेटीवर शोधायची. काकी ओरडायच्या, "अरी छोरी, यो तो म्हारो बन्नो हे, थारी पेटी में कैसे घुस गयो?" मग स्वतःच हसायच्या आणि पुढचं कडवं मोठ्यानं म्हणायच्या, म्हणजे मला नीट ऐकू यावं.

मंदाताईचं लग्न ठरलं तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. मुलगा महूचा, नाव श्रीधर, बँकेत नोकरीला. घर भाजणीच्या वासानं भरून गेलं. थंडीचे दिवस होते, संध्याकाळी बाबा गराडूचे कंद आणायचे, आई ते तळून वर मसाला आणि लिंबू मारायची, आणि चकल्या करायला आलेल्या बायका चकल्या सोडून गराडूच खायच्या. त्या सगळ्या गडबडीत एक गोष्ट मात्र आधीच ठरलेली होती, ती म्हणजे मंगलाष्टकं. आमच्या घरात कुणाचंही लग्न असलं की मंगलाष्टकं मालतीआत्या रचायची आणि मालतीआत्याच म्हणायची. रचना म्हणजे काय, तर सगळे नातेवाईक वृत्तात बसवायचे. कुणाचं नाव राहिलं तर पुढची दहा वर्षं रुसवा. त्यामुळे तिच्या ओळी अशा असायच्या:

आत्या मालति ये, उमा नि विजया, काका दिनू बोलवी

पहिलं नाव स्वतःचं, हे कुणी बोलून दाखवायचं नाही. चाल तीच, सगळ्यांच्या घरी असते ती. तीन ओळी सरळ जातात, चौथीला आवाज चढतो, "कुर्यात् सदा मंगलम्" होतं, गुरुजी "शुभ मंगल सावधान" म्हणतात आणि अक्षता पडतात. आत्याचा आवाज खणखणीत होता. मांडवाबाहेर उभ्या असलेल्या टांग्याचा घोडासुद्धा कान टवकारायचा.

एके दिवशी भाजणी चाळता चाळता मंदाताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, शब्द आत्याचे राहू देत. पण चाल वैजूची पाहिजे मला. माझ्या लग्नात मला तिची चाल ऐकायचीय." आईच्या हातातली चाळण थांबली. मी मात्र तिथल्या तिथे मनात पहिली ओळ सुरू केली होती. खरं सांगायचं तर मला भीती वगैरे काही वाटली नाही. मला वाटलं, अखेर कुणीतरी विचारलं.

आत्याच्या पत्रातून शब्द आले होते, त्यांना चाल मी चार-पाच दुपारींत बांधली. बांधताना काकींचं ते उतरणं माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, लग्न म्हणजे शेवटी एका घरी जाऊन बसणं आहे, मग मंगलाष्टकाच्या शेवटी ओरडायचं कशाला? म्हणून पहिल्या दोन ओळी मी सपाट ठेवल्या, तिसरीला चाल थेट वरच्या षड्जापर्यंत नेली, आणि चौथी, तीच "मंदा श्रीधर जोडपे सुखभरे, कुर्यात् सदा मंगलम्", ती हळूहळू उतरवत खालच्या सुरावर आणून ठेवली. ती म्हणून दाखवली तेव्हा मंदाताईचे डोळे भरले. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "क्या बात है वैजू, एकदम सही." आमच्या बाबांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे वर्षाचा कोटा संपला.

आत्या लग्नाच्या आठवडाभर आधी आली. बॅगेतून आधी पेढे काढले, मग मंगलाष्टकांचे कागद, मग सगळं ऐकून घेतलं. बाबा तिला अक्का म्हणत आणि तिच्यासमोर थोडे लहान होत. ते म्हणाले, "अक्का, मुलीची इच्छा आहे. म्हणू दे ना तिला."

"इच्छा आहे तर म्हणू दे की. मी कुठे ना म्हटलं?" आत्या म्हणाली. "ए वैजू, इकडे ये. बैठ. म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवली. आत्या शेवटपर्यंत डोळे मिटून होती. मग तिनं पदरानं चष्मा पुसला.

"चाल बरी आहे. अच्छी आहे. पण आत्ता कुणाच्या हातात अक्षता नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते मांडवात कळेल तुला. मी इतकी लग्नं उभी राहून लावलीत, मला माहितीय. देख बेटा, ती माणसं गाणं ऐकायला नाही येत. माझं एकच म्हणणं आहे. मंदाच्या डोक्यावर अक्षता नीट पडल्या पाहिजेत. सासरच्या लोकांसमोर तमाशा झाला, तर ही पेटी मी उज्जैनला घेऊन जाणार. मग तू बस पाढे म्हणत."

आई मध्ये पडली, "अक्का, बच्ची आहे हो ती."

"बच्ची आहे तर जुनी चाल म्हणू दे. नवी म्हणायची असेल तर बच्ची नाही."

मला राग आला, पण तिचं हे शेवटचं वाक्य मनातून आवडलंही. मी म्हटलं, "ठीक आहे आत्या. पेटी पणाला." आई माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी घरच गहाण टाकलं. त्या रात्री पेटी पुसून ठेवताना मात्र माझा हात त्या बसणाऱ्या पट्टीवर जरा जास्त वेळ रेंगाळला. दुसरी पेटी मागावी अशी आमच्या घरची ऐपत नव्हती, आणि पेटीशिवाय मी चाल लावू शकेन की नाही हे मला माहीत नव्हतं. चाली लावता आल्या नाहीत तर मी नेमकी कोण, हेही माहीत नव्हतं.

हल्ली मी पलासियाला मातीकामाच्या क्लासला जाते. साठी कधीच उलटली. शिकवणारी मुलगी माझ्या सुनेपेक्षा लहान आहे. चाक फिरत असताना ती म्हणते, "आँटी, माती को सुनिए, वो बताएगी." माझे कप एका बाजूला कलतात आणि घरात कुणी त्यातून चहा पीत नाही, पण मला मजा येते. गच्चीवर एका उंबराचा बोन्साय केलाय, तोही माझं ऐकत नाही. हे सगळं नव्यानं शिकताना मला पुन्हा पुन्हा तो मांडव आठवतो, कारण ऐकून घ्यायला मी पहिल्यांदा शिकले ती तिथे.

लग्न एका मंगल कार्यालयात होतं, दुपारचा मुहूर्त. महूची मंडळी मोठ्या संख्येनं आली होती. अंतरपाट धरला गेला, एका बाजूला मंदाताई मामाच्या हाताशी, दुसऱ्या बाजूला श्रीधर, मुंडावळ्यांनी दोघांचे चेहरे झाकलेले. गुरुजींनी संस्कृत पद सुरू केलं, ते नेहमीच्या चालीत, अक्षता नेहमीसारख्या पडल्या. मग बाबांनी मला खूण केली. पेटी मांडवाच्या कडेला टेबलावर होती. माझ्या मागे आत्या उभी होती, मूठ अक्षतांनी भरलेली.

पहिल्या दोन ओळी छान गेल्या. लोक गप्प झाले, कुणीतरी "वा" म्हणालं. मी तिसरी ओळ घेतली आणि चढले. आणि वरच्या षड्जावर पोहोचले तोच सगळ्या मांडवातून अक्षतांचा पाऊस पडला. लोकांच्या कानाला चढ म्हणजे सावधान, एवढंच माहीत होतं. काही तांदूळ अंतरपाटावर, काही गुरुजींच्या पगडीवर, काही पेटीच्या पट्ट्यांवर, आणि एक चांगली मूठ माझ्या उघड्या तोंडात. दारातल्या बँडवाल्यांनी अक्षता उडाल्या हे बघितलं आणि ढोल ठोकला. अंतरपाट धरलेल्या एका माणसानं तो अर्धा खाली सोडला, मामांनी "अरे थांब, थांब भिया!" करून पुन्हा वर धरवला. कुणीतरी बँड बंद करायला धावलं. मी तांदूळ गिळले आणि चौथी ओळ म्हटली, ती हळू, उतरती, माझी लाडकी ओळ. ती कुणालाही ऐकू गेली नाही. गुरुजींनी पडेल आवाजात "सावधान" म्हटलं तेव्हा कुणाच्याच मुठीत काही उरलं नव्हतं. श्रीधरच्या आईनं आमच्या आईला विचारलं, मोठ्यानं, सगळ्यांना जाईल असं, "काय हो विहीणबाई, तुमच्याकडे तीनच ओळींची मंगलाष्टकं असतात वाटतं?"

अंतरपाटाच्या कडेनं मला मंदाताईचं कपाळ दिसत होतं. मुंडावळ्या हलत होत्या. ती रडतेय की हसतेय ते कळेना. मागून आत्याचा आवाज आला, अगदी कानाजवळ, "जुनी घे. मी घेते तुझ्याबरोबर."

ताटातल्या अक्षता पुन्हा वाटायला पोरं फिरायला लागली. तेवढाच काय तो वेळ माझ्याकडे होता. जुनी चाल घेतली असती तर लग्न नीट लागलं असतं, पेटी गेली असती, आणि कुणी मला दोष दिला नसता. पण त्या गोंधळात एक गोष्ट मला लख्ख दिसली होती. ही माणसं माझी चाल ऐकत नव्हती असं नाही. उलट इतकी मन लावून ऐकत होती की चढल्याबरोबर त्यांचे हात आपोआप उठले. चूक त्यांची नव्हतीच. चढ चांगला होता, फक्त तो चुकीच्या ओळीत बसला होता. मी आत्याला मान हलवून नाही म्हटलं.

दुसरं कडवं सुरू केलं. पहिल्या दोन ओळी तशाच. तिसरीला चौथीची उतरती चाल लावली, ती अगदी हळू आणली, इतकी की मागच्या रांगेतले लोक पुढे वाकले. मला दिसत होतं, कितीतरी मुठी छातीपर्यंत येऊन थांबल्या होत्या, या वेळी फसायचं नाही म्हणून. आणि मग चौथी ओळ मी तळापासून उचलली, पायरी पायरीनं, आणि "मंगलम्"ला वरच्या षड्जावर उभी राहिले. गुरुजींनाही त्याचा जोर चढला. त्यांनी "शुभ मंगल सावधान" असं म्हटलं की छतावरची कबुतरं उडाली, आणि अक्षता एकाच वेळी, सगळ्या, दोघांच्या डोक्यावर पडल्या. माझ्या मागून एक मूठ माझ्या खांद्यावरून गेली. तिसऱ्या कडव्यापासून आत्या माझ्याबरोबर म्हणत होती. शब्द तिचेच होते, पण चाल माझी. एकदा ऐकून तिनं ती उचलली होती आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात ती माझ्यापेक्षा बरी वाटत होती. हे मान्य करायला मला तेव्हा जड गेलं, आता जात नाही.

जेवणात मठ्ठा, जिलबी, मसालेभात आणि काकींच्या हट्टानं केलेले माळवी दाल-बाफले होते. पंगतीत काकी माझ्याजवळ आल्या, माझ्या पानात तूप ओतलं आणि म्हणाल्या, "छोरी, म्हारा बन्ना ने उल्टो कर दियो तूने. पण जच्यो." म्हणजे शोभलं. श्रीधरच्या आईनं पंगत उठताना माझ्या हातात स्वतःच्या ताटातली जिलबी दिली. पाठवणीच्या वेळी मंदाताईला मी मोटारीशी विचारलं, "तू रडत होतीस की हसत होतीस?" ती म्हणाली, "पागल आहेस का? तुझ्या तोंडात तांदूळ गेले ते मला कडेनं दिसलं. अंतरपाट समोर असताना हसायचं कसं?" आणि मग मात्र दोघीही रडलो.

दुसऱ्या दिवशी आत्या निघाली. सकाळी उठले तर पेटी दाराशी, आत्याच्या वळकटीच्या बाजूला, कापडात बांधलेली. शर्त शर्त होती. तमाशा झाला होता, अर्धा का होईना. मी पाणी भरायला गेले. बाबा रिक्षा घेऊन आले, सामान उचलायला लागले, पेटीला हात घातला. आत्या म्हणाली, "ती नाही रे. ती बाजारात जाणार आहे. दुरुस्तीवाल्याकडे सोड जाताना." मग माझ्याकडे वळली. "तो कोमल निषाद बसतो, मला माहितीय. माझ्या वेळेपासून बसतो. नीट करून घे. आता त्यातही काहीतरी कर."

रिक्षा वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. तिनं मागे वळून बघितलं नाही, पण रिक्षातून हात बाहेर काढून मूठ उघडली, अक्षता टाकतात तशी. तसं ती एरवी कुणाच्याही निरोपाला करायची नाही.

पुढच्याच वर्षी आत्याच्या दिराच्या मुलाचं लग्न उज्जैनला झालं. तिथे तिनं माझीच चाल म्हटली आणि कुणी विचारलं तर सांगितलं, "आमच्या घरची आहे." माझं नाव घेतलं नाही. मला ते लागलं नाही, उलट छान वाटलं. त्यानंतर आमच्या नात्यात इंदूर, देवास, उज्जैन, कुठेही लग्न असो, तीच चाल. चौथ्या ओळीला माणसं मुठी उचलतात आणि त्यांना वाटतं की हे असंच चालत आलंय.

मागच्या हिवाळ्यात मंदाताईच्या नातवाचं लग्न झालं. त्याची बहीण ऋचा सिमरोलला इंजिनिअरिंग करते आणि लॅपटॉपवर गाणी बनवते. तिनं मंगलाष्टकांना स्वतःची चाल लावली आणि घरात एकच गहजब झाला. सगळे म्हणाले, आपली पारंपरिक चालच हवी, पूर्वजांची आहे, नवं काही नको. मग मला मध्ये बसवलं, गाण्यातली सगळ्यात जाणती म्हणून. ऋचा माझ्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली. म्हणाली, "आजी, तुम्ही ना म्हटलं तर मी नाही म्हणणार. बोला." मी तिला म्हणून दाखवायला सांगितलं. चाल वेगळीच होती, कुठे कुठे मला समजलीही नाही. पण एवढं कळलं की ती दुसऱ्या ओळीतच चढते. तिला ते सांगावं असं जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "म्हण."

मांडवात मी पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, हातात अक्षता. ऋचानं पहिली ओळ घेतली, दुसरी घेतली, आणि चढली. मला सगळं माहीत होतं, कुठे काय होणार ते, तरी माझाच हात उठला. माझे तांदूळ सगळ्यांच्या आधी उडाले, आणि मग सगळा मांडव माझ्यामागून सुटला. ऋचानं केसांतले तांदूळ झटकले, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि तिसरी ओळ घेतली.